तेहतीस फुटांची साखळी

माझ्या थोरल्या मुलीला मॅट्रिकला पहिल्या खेपेस सातशेपैकी तीनशे अडतीस गुण मिळाले. वर्षभराने ती पुन्हा बसली, तेव्हा तीनशे शेहेचाळीस मिळाले. पुण्याच्या ज्या कॉलेजात तिला शास्त्र शाखेला जायचं होतं, तिथं मुलींच्या राखीव जागांसाठी तीनशे पन्नास लागत होते. आकडे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काहीतरी होऊन जुळेल अशी आशा वाचणाऱ्याने धरायला नको. आम्ही धरली होती.

मी मोजणी खात्यात सर्व्हेअर आहे. बिऱ्हाड शेवगावला, फिरती शेवगाव आणि पाथर्डी या दोन तालुक्यांत. आमच्याकडे जमीन मोजायची साखळी तेहतीस फुटांची असते. तिचे सोळा भाग करतात आणि एकेका भागाला आणा म्हणतात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. शेतकरी याच मापाने भांडतो, तलाठी याच मापाने लिहितो. माझ्या घरात साखळी हा शब्द निघाला की तेहतीस हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना सुटीत माझ्याबरोबर मोजणीला यायची. साखळीचं पुढचं टोक धरायला एक म्हातारा साखळीवाला होता. तो माझ्यापेक्षा जुना नोकर. साखळी ताणून तो जमिनीत एक लोखंडी सळई रोवायचा आणि पुढं जायचा. मागून येणाऱ्याने सळ्या गोळा करत यायचं. हातात जेवढ्या सळ्या, तेवढ्या साखळ्या अंतर. हे गोळा करायचं काम मुलीने आपणहून घेतलं होतं. एकदा बांधाच्या टोकाला पोचल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "बाय, किती झाल्या?"

"नऊ."

"माज्या मोजनीनं धा हायेत."

"मग एक तुम्ही खाल्ली असेल, काका."

म्हाताऱ्याने कमरेला हात लावला. एक सळई त्याच्या पट्ट्यातच राहिली होती. तेव्हापासून त्याने तिच्या मोजणीवर कधी शंका घेतली नाही. "सायेब चुकतील, बाय चुकायची न्हाई," असं तो माझ्या तोंडावर म्हणायचा. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

आम्ही ख्रिस्ती. माझ्या आजोबांनी धर्म घेतला. त्यामुळे मुलीला नगरला मिशनच्या मुलींच्या हायस्कुलात, बोर्डिंगमध्ये ठेवण्यात आम्हांला काही अडचण आली नाही. तिथं मुलींना तपासायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. इंग्रजी चौथीत असताना मुलीने घरी सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचं आहे. पुढच्या वर्षीही तेच सांगितलं आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तीनदा सांगितल्यावर मी ते खरं धरलं. त्यासाठी आधी कॉलेजात शास्त्र शाखेची दोन वर्षं आणि त्याच्या आधी मॅट्रिक. कॉलेजला मी स्वतः पत्र घालून विचारलं. उत्तर आलं की मुलींसाठी जागा थोड्या आहेत आणि शेकडा पन्नास गुणांखाली अर्ज विचारात घेत नाहीत.

लढाई संपल्यानंतरच्या मार्चात ती परीक्षेला बसली. पेपर झाल्यावर सगळ्या प्रश्नपत्रिका घेऊन घरी आली. मी सात दिवस, रोज एक, अशा सातही प्रश्नपत्रिका तिच्याकडून पुन्हा सोडवून घेतल्या आणि प्रत्येक प्रश्नापुढं माझ्या अंदाजाने गुण मांडले. गणिताच्या पहिल्या पेपरात एक प्रश्न होता. पेपर इंग्रजीत असत. एक शेत वीस चेन लांब आणि पंधरा चेन रुंद आहे, तर त्याचं क्षेत्र किती एकर? आठ गुण.

"हे तर मी न लिहिताच केलं, अप्पा," ती म्हणाली. "वीस पंधरा तीनशे. तीनशे गुंठे. साडेसात एकर."

मीही मनात तेच केलं होतं. माझंही उत्तर साडेसात. "शाब्बास," म्हणालो आणि आठच्या आठ गुण मांडले. या पेपरात माझ्या अंदाजाने तिला छप्पन्न मिळायला हवे होते आणि एकंदर तीनशे सत्तावन्न. मी तो आकडा बायकोला सांगितला. तिने पाळकांच्या बायकोला सांगितला. रविवारी देवळातून बाहेर पडताना तिघांनी माझं अभिनंदन केलं. ते मी नाकारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. पास झाल्याचं वर्तमानपत्रावरून कळलं आणि गुण मागाहून शाळेकडून आले. इंग्रजीच्या दोन पेपरांत शेहेचाळीस आणि त्रेचाळीस, मराठीत अठ्ठावन्न, इतिहास-भूगोलात एक्कावन्न, शास्त्रात बावन्न, भूमितीत सत्तेचाळीस. हे सगळे माझ्या अंदाजाच्या एखाद-दुसऱ्या गुणाने मागंपुढं होते. पण छप्पन्नच्या जागी एक्केचाळीस होते. बेरीज तीनशे अडतीस. बारा कमी.

मला वाटलं, तपासणाऱ्याची चूक आहे. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार पकडून मी नगरला गेलो. वाटेत ती दोनदा बंद पडली. शाळेत गणिताच्या बाई भेटल्या. मी प्रश्नपत्रिका आणि माझे मांडलेले गुण त्यांच्यापुढं ठेवले. त्या सावकाश वाचत गेल्या आणि शेताच्या प्रश्नावर थांबल्या.

"हे साडेसात एकर कुणी काढलं?"

"तिने."

"आणि बरोबर म्हणून खूण कुणी केली?"

"मी."

"चेन किती फुटांची असते, मोजणीदारसाहेब?"

"तेहतीस," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. एकोणीस वर्षं ती माझ्या हातात होती.

बाईंनी कपाटातून अंकगणिताचं पुस्तक काढलं आणि मागच्या पानावरचं कोष्टक माझ्यापुढं धरलं. बावीस यार्डांची एक चेन. म्हणजे सहासष्ट फूट. ही विलायती चेन. तिच्या हिशोबाने ते शेत तीस एकरांचं होतं. आमचं उत्तर बरोबर एक चतुर्थांश होतं. तेच पुस्तक आमच्या घरी चार वर्षं होतं. सहासष्ट फुटी चेन असते हे मीही खात्याच्या शिक्षणात ऐकलेलं होतं. पण वापरात कधी आली नाही, आणि मुलीला सांगावी असं मला सुचलं नाही.

"वर्गात मी हे सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "पण तिला वाटलं असेल, चेनचं मला काय सांगतात."

बाकीचे सात गुण पायऱ्या न लिहिल्यामुळे गेले असावेत, असं त्यांचं मत पडलं. मुलगी तोंडी हिशोब करून नुसतं उत्तर लिहायची. तेही तिला मीच शिकवलं होतं. आठ आणि सात पंधरा. ते मिळाले असते तर तीनशे त्रेपन्न झाले असते. परतीच्या मोटारीत मी हे पुनःपुन्हा करून पाहिलं आणि घरी पोचायच्या आत माझं ठरलं. तिने पुन्हा बसावं. गळती कुठं आहे ते कळलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा मुलीने प्रश्नपत्रिका घेऊन तो प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे काकांनी ओढली ती साखळी खोटी?"

"खोटी नाही. ती आपली. परीक्षेतली दुसरी."

"मग परीक्षेत तसं लिहायचं नाही का, कुणाची ते?"

तिच्या आईला हसू आलं. मला आलं नाही.

दुसऱ्यांदा बसायचं तर एका विषयाला बसता येत नव्हतं. सातही पेपर पुन्हा द्यायचे आणि नवे गुण धरायचे. शाळा सुटली होती, बोर्डिंगची जागा गेली होती, म्हणून ती बाहेरून बसणार आणि घरी अभ्यास करणार. रॉकेल रेशनवर, तेव्हा अभ्यास दिवसाउजेडी. मी सोमवारी फिरतीवर निघताना तिला आठवड्याची गणितं लिहून द्यायचो. रोज बारा, सहा दिवसांची बहात्तर. शनिवारी आल्यावर तपासायचो. पायरी सुटली की गणित चुकीचं धरायचो, उत्तर बरोबर असलं तरी. आणि प्रत्येक आठवड्यात निदान चार गणितं चेनची. सहासष्ट फूट, दहा चौरस चेन म्हणजे एक एकर. मार्चपर्यंत तिने दोन हजार सहाशे चौदा गणितं सोडवली. वही अजून आहे.

बायको म्हणायची, "अहो, पोरीला स्वप्नात साखळ्या दिसत असतील. जरा इंग्रजी वाचू द्या तिला."

"इंग्रजी तिचं ठीक आहे."

"तुम्हांला येतं का, ठीक आहे म्हणायला?"

मला इंग्रजी खात्याच्या कामापुरतं येतं. निबंध तपासण्याइतकं येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

ऑक्टोबरात, सुगीच्या दिवसांत, मुलीने एकदा विषय काढला. मी पडवीत बसून नकाशाला रंग देत होतो. ती वही घेऊन आली. मला वाटलं गणिताची असेल, पण तीत इंग्रजी निबंध होता. नदीकाठची संध्याकाळ की असंच काही.

"अप्पा, हे कुणी तपासेल का? पलीकडच्या आळीतले म्हातारे हेडमास्तर आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवतात. मी जाऊ?"

"कोणत्या वेळी?"

"दुपारी. तीन ते पाच."

दुपारी तीन ते पाच तिची गणितांची वेळ होती. मी म्हणालो, "मोजणीत चार बाजूंपैकी एक चुकली तर आपण चारही पुन्हा मोजतो का? चुकलेली तेवढी मोजतो. बाकीच्या तीन कुठं जात नाहीत."

तिने वही मिटली. मग "बरं" म्हणाली आणि वही घेऊन आत गेली. पुन्हा तिने ते काढलं नाही. मी नकाशाचा रंग पुरा केला. त्या दिवशी आम्ही दोघं मिळून दोन मिनिटंसुद्धा बोललो नसू.

पौषात पाथर्डीकडे मोजणी होती, तेव्हा हवापालट म्हणून मी तिला तीन दिवस बरोबर नेली. तिकडं पिकं कमीच, उघडी माळरानं. म्हातारा साखळीवाला तिला पाहून फार खूश झाला.

"बाय, डाक्टरीन झाल्यावर आमची नाडी फुकट बगायची बरं का."

"फुकट नाही. एका नाडीला दोन सळ्या."

"लई झाल्या! येक घे."

ती हसली. साखळी ताणली गेल्यावर मागून सळ्या गोळा करत गेली, लहानपणी जायची तशी. बांधाच्या टोकाला म्हाताऱ्याने विचारलं, किती. ती म्हणाली, "अकरा. पण परीक्षेत साडेपाच." त्याला काही कळलं नाही. मी त्याला विलायती चेनीबद्दल सांगितलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सहासट फूट? ती वडणार कोन? त्येंचं हात लांब आस्तील." त्या वर्षात ती एवढी हसलेली मी पुन्हा पाहिली नाही.

मार्चात मी रजा काढून तिच्याबरोबर नगरला गेलो. सात पेपर, पाच दिवस. मी केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली इतर पालकांबरोबर बसायचो. गणिताचा पहिला पेपर तिसऱ्या दिवशी होता. ती सगळ्यांच्या मागून बाहेर आली.

"अप्पा, चेन आली नाही."

"काय आलं?"

"हौद. दोन नळ भरतात, एक रिकामा करतो."

"केलंस?"

"केलं. पायऱ्यांसकट." मग म्हणाली, "तीन वेळा पाहिला पेपर. कुठंच नव्हती."

मी म्हणालो, हरकत नाही. इंग्रजीबद्दल मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी ती तो पेपर देऊन आली तेव्हा तिने आपणहून सांगितलं होतं की निबंध अर्धवट राहिला. चार ओळी खोडण्यात वेळ गेला. मी ते ऐकलं आणि पुढच्या पेपराची आठवण करून दिली होती.

या खेपेस मी अंदाजाचे गुण मांडले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं. मी सांगितलं, येतील ते येतील.

निकाल जूनमध्ये लागला. वर्तमानपत्र देशाच्या वाटणीच्या बातम्यांनी भरलेलं होतं आणि आम्ही आतल्या पानावर नंबर शोधत होतो. पास होतीच. गुण पंधरा दिवसांनी आले. मी लिफाफा ओट्यावर बसून उघडला. मुलगी दारात उभी होती, बायको तिच्या मागं.

गणिताच्या पहिल्या पेपरात एकोणसाठ. अठरा वाढले होते. भूमितीत बावन्न, पाच वाढले. मी वर पाहून म्हणालो, "तेवीस वाढले." बायकोने हात जोडले. मग मी खाली पाहिलं. इंग्रजीत एक्केचाळीस आणि एकोणचाळीस. तिथं नऊ कमी. मराठीत पंचावन्न, इतिहास-भूगोलात अठ्ठेचाळीस, तिथं तीन आणि तीन कमी. शास्त्रात होते तेवढेच. मी बेरीज केली. मग खालून वर केली. तीनशे शेहेचाळीस.

"किती?" मुलीने विचारलं.

मी सांगितलं.

तिने चार हा आकडा तोंडाने उच्चारला नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून तिची वजाबाकी झालेली मला दिसली. ती आत गेली. नेहमीप्रमाणे चूल पेटवायला घेतली.

बाकीचे विषय होते तिथं राहिले असते तर तीनशे एकसष्ट झाले असते. जागा मिळून अकरा वर. ते राहिले नाहीत, कारण ते जमिनीच्या बाजू नव्हते. वर्षभर न हाताळलेला विषय बांधासारखा जागेवर बसून राहत नाही, ही गोष्ट मला समजायला हवी होती. मला गणित येत होतं म्हणून मी तिला गणित दिलं. आणखी एक आकडा माझ्या लक्षात नंतर आला. पहिल्या खेपेस चेनचे आठ गुण मिळाले असते, तर तीनशे शेहेचाळीसच झाले असते. म्हणजे वर्ष आणि दोन हजार सहाशे चौदा गणितं घालून आम्ही तेवढेच आठ गुण आणले.

मी कॉलेजला पत्र लिहिलं. चार गुणांनी जागा जात असेल तर मुलीला समक्ष बोलावून पाहावं, अशी विनंती केली. गुणांची फेरबेरीज करण्याचाही अर्ज दिला. फेरबेरजेत फरक निघाला नाही. कॉलेजचं उत्तर सभ्य होतं. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे दिलगीर आहोत. त्यात मला काही चूक काढता येईना. माझ्या खात्यात कुणी चार आणे जमीन सोडून द्या म्हणून विनंती केली असती, तर मीही हेच लिहिलं असतं.

आठ दिवसांनी जेवताना मी विचारलं, "आणखी एकदा बसायचं का? या वेळी हेडमास्तरांकडे इंग्रजी लावू."

मुलीने ताटातली भाकरी मोडली. "आता तुम्ही बसा, अप्पा," ती म्हणाली. "मी गणितं घालते."

बायको हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून उठून गेली. मुलीने भाकरी संपवली. तो विषय आमच्या घरात तिथं संपला.

पाळकांनी नगरच्या एका दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल सांगितलं. तिथं मॅट्रिक पास एवढंच बघत. किती गुणांनी, ते विचारत नसत. म्हणजे पहिल्याच खेपेस, एक वर्ष आधी, तिला तिथं घेतलं असतं. हे घरात कुणी बोललं नाही.

ती निघाली त्या सकाळी म्हातारा साखळीवाला मोटारीच्या अड्ड्यावर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. डोक्याला नवा रुमाल बांधून आला होता आणि तिची ट्रंक माझ्या हातातून घेऊन त्यानेच टपावर चढवली.

"चालली का आमची डाक्टरीन?"

"डॉक्टरीण नाही, काका. नर्स."

"म्हंजी काय आस्तंय?"

मी काहीतरी समजावून सांगणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "डॉक्टर म्हणजे विलायती चेन. सहासष्ट फुटी. नर्स म्हणजे आपली."

म्हातारा खुदकन हसला. त्याला ती थट्टा कळली. पाथर्डीच्या माळावरची त्याला आठवत होती. "मंग झ्याक झालं की," तो म्हणाला. "आपली वडायला सोपी." आणि खरोखरच काही चांगलं झालं आहे अशा समजुतीने त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मोटार सुटली. तिने खिडकीतून आईकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. राग नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं.

याला दोन वर्षं झाली. तिची पत्रं येतात, नियमित, दर पंधरा दिवसांनी. त्यांत वार्ड, खाटा, औषधांच्या वेळा असतात. डॉक्टरांविषयी काही नसतं. मी उत्तरात पाऊस आणि मोजणीची गावं लिहितो. त्या दिवशी अड्ड्यावरून मी आणि म्हातारा सरळ कामावर गेलो. एक वादाचा बांध होता. मागून सळ्या गोळा करायला कुणी नव्हतं, म्हणून मीच केल्या. टोकाला म्हाताऱ्याने विचारलं, "सायेब, किती झाल्या?" मी हातातल्या मोजल्या आणि सांगितलं. त्याने स्वतःच्या कमरेला हात लावून पाहिला, पट्ट्यात सळई राहिली नव्हती, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "परत मोजा."